फाटसून बघल्यार कोण? राजकीय अर्कशिल्प घडवण्याची रीत

गणपतीचा हंगाम सरला की कुडाळ-वेंगुर्ल्याकडच्या गणपतीच्या शाळा, म्हणजे मूर्ती घडवण्याचे कारखाने, ओस पडतात. पाट भिंतीला टेकवले जातात, कोरण्या डब्यात जातात आणि एखाद्या कोपऱ्यात ओल्या गोणपाटाखाली शाडूचा उरलेला गोळा तेवढा पडून राहतो. अशाच एका उरलेल्या गोळ्यातून मी पहिल्यांदा एका राष्ट्रीय नेत्याचा अर्धपुतळा केला होता. नाक भोपळ्याएवढे, गाल लोंबते आणि कपाळ आखूड असा तो ऐवज पाहून येणारेजाणारे हसलेही. शाळेतल्या जुन्या कारागिराने मात्र काही न बोलता पाट अर्धा फिरवला, डोक्याची गुळगुळीत मागची बाजू पाहिली आणि म्हणाला, “फाटसून बघल्यार ह्यो कोण पण असात रे.” मागून पाहिले तर हा कोणीही असेल, असे त्याचे म्हणणे, आणि ते खरे होते: चेहऱ्याच्या मागे मी निव्वळ सोललेला नारळ ठेवला होता.

कागदावरच्या अर्कचित्राला, म्हणजे चेहऱ्यातले वेगळेपण ताणून काढलेल्या चित्राला, मागची बाजू नसते, त्यामुळे व्यंगचित्रकार एका कोनातून जे साधतो ते तिथेच पुरे होते. शिल्पाभोवती माणूस फिरतो. म्हणून अर्कशिल्पात विनोद केवळ नाकावर टांगून चालत नाही, तो मानेत, खांद्यात, पदरात किंवा टोपीच्या मागच्या घडीतही असावा लागतो. पुढे सांगितलेली सगळी रीत या एका अडचणीतून निघालेली आहे. ती शाडू, कागद आणि चिंचोक्याची खळ एवढ्या सामग्रीत, कोकणातल्या हवेत पार पाडता येते.

आधी आरोप, मग माती

मातीला हात लावण्यापूर्वी एका वाक्यात आरोप लिहावा. “हा नेता वाईट आहे” हा आरोप नव्हे, कारण त्याचा आकार करता येत नाही. सार्वजनिक पदावर असताना त्या व्यक्तीने काय केले, कधी केले आणि त्याचा परिणाम कोणावर झाला, हे त्या वाक्यात असले पाहिजे. ते वाक्य नसेल तर हात आपोआप शरीराच्या चेष्टेकडे वळतो, आणि टक्कल, ढेरी किंवा उंची एवढ्यावरच काम थांबते.

या बाबतीत फ्रान्समधल्या ओनोरे दोमिए या कलावंताचे काम प्रत्येक नवशिक्याने पाहावे, छायाचित्रांतून का होईना. १८३० च्या क्रांतीनंतर लुई फिलिप राजा झाला, आणि शार्ल फिलिपों या संपादकाने राजाचा चेहरा हळूहळू नासपतीच्या फळात बदलत जाणारे गाजलेले रेखाटन १८३१ मध्ये केले. राजाला अधाशी राक्षसाच्या रूपात दाखवल्याबद्दल १८३२ मध्ये दोमिएला सहा महिन्यांची कैद झाली. त्याच काळात फिलिपोंच्या सांगण्यावरून त्याने संसदेतल्या आणि सत्तेच्या वर्तुळातल्या माणसांचे छोटे अर्धपुतळे न भाजलेल्या मातीत घडवून रंगवले. त्यांतले ३६ आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत. मुळात ते शिळाछापाच्या चित्रांसाठी केलेले नमुने होते. तरीही त्यांत नुसती विद्रूपता नाही. एकाचा जबडा पेंगलेला आहे, एकाचे ओठ तिरस्काराने आवळलेले आहेत, आणि प्रत्येक आकारातून त्या माणसाची सत्तेकडे पाहण्याची रीत कळते. १८३५ मध्ये तिथे राजकीय व्यंगचित्रांवर सेन्सॉरशिप आली. अशा चित्रांनी सत्तेला किती अस्वस्थ केले असेल, याचा अंदाज त्यावरून यावा.

पुढील सर्व टप्प्यांसाठी मी एकच उदाहरण घेतो आहे, ते म्हणजे इंदिरा गांधी आणि आणीबाणी. याची कारणे व्यावहारिक आहेत. तो काळ संपलेला आहे, कागदपत्रे आणि छायाचित्रे भरपूर आहेत, आणि कोकणातल्या जुन्या माणसांना तो आठवतो. राजापूरचे तेव्हाचे खासदार मधू दंडवते यांना त्या काळात बंगळूरच्या तुरुंगात ठेवले होते, हे आजही इकडच्या ओटीवर निघते. आणीबाणी २५ जून १९७५ च्या रात्री जाहीर झाली आणि २१ मार्च १९७७ ला उठली. वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादली गेली, आणि काही वृत्तपत्रांनी निषेध म्हणून अग्रलेखाची जागा कोरी सोडली. माझे आरोपवाक्य असे होते: “आणीबाणीत इंदिरा गांधींच्या सत्तेने लोकांचे ऐकणे बंद केले.” या वाक्यातून कान ही गोष्ट लगेच पुढे आली, आणि कोऱ्या अग्रलेखाने पाठीमागच्या बाजूचा प्रश्न सोडवला. तो कसा, ते पुढे येईल.

चेहऱ्याचा अभ्यास

एका छायाचित्रावरून शिल्प करू नये. समोरून, दोन्ही बाजूंनी, तीन-चतुर्थांश कोनातून आणि शक्य असल्यास पाठीमागून अशी किमान दहा-बारा छायाचित्रे जमवावीत आणि ती साधारण एकाच वयातली असावीत. जवळून घेतलेल्या छायाचित्रात नाक मुळातच मोठे दिसते आणि कान मागे सरकतात, तर लांबच्या भिंगाने टिपलेला चेहरा चपटा होतो. हा भिंगाचा दोष आपण नेत्याच्या माथी मारतो आणि मग शिल्प कोणासारखेच दिसत नाही. बाजूची छायाचित्रे सर्वांत विश्वासू असतात, म्हणून मी मापे तिथूनच घेतो. फिल्म्स डिव्हिजनच्या जुन्या वृत्तपटांत नेता चालताना, बसताना, हात जोडताना दिसतो. माणूस स्थिर चेहऱ्यापेक्षा मानेच्या कलण्यावरून अधिक ओळखता येतो, म्हणून तेही पाहावे.

यानंतर सरासरी चेहरा समोर ठेवावा. प्रौढ माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात. केसांच्या रेषेपासून भुवई, भुवईपासून नाकाचा तळ आणि तिथून हनुवटी हे तीन भाग जवळजवळ सारखे असतात, आणि समोरून पाहिल्यास डोक्याची रुंदी पाच डोळ्यांइतकी भरते. आपल्या नेत्याचा चेहरा या मापाशी ताडून तो कुठे वेगळा आहे ते वहीत लिहावे. अर्क काढायचा तो या फरकाचा. इंदिरा गांधींच्या बाबतीत लांब, खाली वळलेले नाक, सरळ उंच मान, केसांतला पांढरा पट्टा आणि डोक्यावरून घेतलेला पदर अशा चार गोष्टी निघाल्या. त्यांतल्या आरोपाला उपयोगी कोणत्या, हा पुढचा प्रश्न. पांढरा पट्टा केवळ ओळखीसाठी ठेवला. पदर मात्र कान झाकतो, म्हणून शिल्पाचा सगळा भार त्याच्यावर टाकायचे ठरले.

सांगाडा आणि माती

आकार वीतभर, म्हणजे साधारण २२ ते २४ सेंटिमीटर, ठेवावा. याहून मोठे केले की चुका दुरुस्त करायला आळस येतो, आणि फार लहान केले की बोटेच आड येतात. एवढ्या अर्धपुतळ्याला पाच-सहा किलो शाडू लागतो. आपल्याकडे येणारा शाडू बहुतांशी गुजरातेतून, भावनगरकडून येतो. कोणाला शेतातली चिकणमाती वापरायची असेल तर ती भिजवून, वस्त्रगाळ करून, खडे काढून घ्यावी. शाडूही भिजवून एक रात्र ठेवावा आणि मग भाकरीच्या पिठासारखा मळावा. बोटाला चिकटत नाही आणि वाकवल्यावर चिरत नाही, इतपत तो मळला पाहिजे.

इथे आधीच एक निर्णय घ्यावा लागतो. शिल्प कच्च्या मातीचेच ठेवायचे असेल तर आत धातूचा ताठ सांगाडा घालू नये, कारण वाळताना माती आकसते, सांगाडा आकसत नाही, आणि पहिली चीर नेमकी नाकावरून जाते. अशा वेळी वर्तमानपत्राचा घट्ट बोळा सुतळीने आवळून त्यावर माती चढवावी आणि ती निम्मी सुकल्यावर तळातून पोकळ करून घ्यावी. साचा काढून कागदाची प्रत घ्यायची असेल, आणि मी तेच सुचवीन, तर लाकडी पाटावर मधोमध ठोकलेला सागाचा दांडा आणि त्याला गुंडाळलेली तीन मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार पुरते. लोखंडी तार व खिळे टाळावेत, कारण खाऱ्या हवेत ओल्या मातीखालचे लोखंड आठवड्यात गंजते आणि तांबूस डाग वर उमटतात. दांड्यावर काथ्याची दोरी गुंडाळली की माती घसरत नाही. डोक्याचा भार पेलण्यासाठी लाकडाच्या दोन छोट्या पट्ट्या फुलीसारख्या बांधून तारेने आत लोंबत्या ठेवतात. त्या नसतील तर दुपारपर्यंत हनुवटी छातीवर येते.

साधे साम्य, आणि त्यानंतरच अतिशयोक्ती

या टप्प्याला घाई होते आणि बहुतेक शिल्पे इथेच फसतात. पहिले दोन दिवस कुठलीही थट्टा न करता सरळ साम्य घडवावे. कवटीचा अंडाकार, जबड्याचा पाचर, डोळ्यांच्या खोबणी आणि नाकाचा हाडाचा भाग या क्रमाने मोठे आकार बसवावेत, आणि पापण्या, सुरकुत्या यांना शेवटपर्यंत हात लावू नये. पाट दर दहा मिनिटांनी फिरवत राहावे. सासवण्याला, अलिबागजवळ, शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचे घर-संग्रहालय आहे. ते गणपती घडवणाऱ्या घरातले, आणि पुण्यातला शिवाजी महाराजांचा १९२८ चा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. त्यांचे काम अर्कशिल्पाचे नाही, वास्तवदर्शी आहे, आणि त्यासाठीच ते पाहायला जावे. वळण मुळात कुठे असते हे ज्याला दिसले नाही, त्याला ते कुठे ताणावे हे कळणार नाही.

साम्य जमले, म्हणजे शाळेत येणाऱ्या तिऱ्हाइताने नाव न विचारता ओळखले, की मग ताणायला सुरुवात करावी. यासाठी मी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे: बाहेरून नवी माती घ्यायची नाही. नाक वाढवायचे असेल तर तेवढी माती कपाळातून किंवा हनुवटीतून काढायची. एकूण गोळा तेवढाच राहिला की एक भाग वाढताना दुसरा आपोआप आक्रसतो आणि चेहऱ्याला ताण येतो. नुसती भर घालत गेले की चेहरा सुजल्यासारखा दिसतो, आणि सूज ही टीका होत नाही.

उदाहरणातल्या शिल्पात नाक किती ओढावे, हे ठरवायला मला समुद्रानेच मदत केली. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीची नाळ, म्हणजे तिचे पुढचे टोक, बाजूने पाहिली तर ती सरळ पुढे जात नाही, ती वर उचलून मग टोकाशी किंचित वळते आणि मागचा सगळा सांगाडा आपल्यामागे खेचते. नाकाची रेषा त्या नाळेसारखी केली आणि गाल होडीच्या कुशीसारखे मागे वाहू दिले, तेव्हा पूर्ण डोके पुढे निघाल्यासारखे दिसू लागले. कानांच्या जागी मात्र काहीच केले नाही. पदर दोन्ही बाजूंनी इतका घट्ट ओढला की त्याच्या आत कानाचा उंचवटाही राहिला नाही. नाक पाहून लोक हसतात आणि थोड्या वेळाने कान शोधू लागतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. तो शोध सुरू झाला की आरोप पोहोचला, असे समजावे.

मग पाठ. डोक्यावरून उतरणारा पदर मागे पाठीवर सपाट पडतो, आणि अशीच मोकळी जागा माझ्या पहिल्या शिल्पात नारळासारखी राहिली होती. या वेळी त्या पदराच्या चुण्या सरळ उभ्या केल्या, म्हणजे त्या वर्तमानपत्राच्या स्तंभांसारख्या दिसतील. वरच्या बाजूला कोरणीने मथळ्याची आडवी पट्टी काढली आणि स्तंभांच्या मध्ये अक्षरांच्या ओळी कोरल्या. डावीकडची एक चौकट मात्र पूर्ण गुळगुळीत ठेवली. ती कोरी अग्रलेखाची जागा. अक्षरे वाचता येतील अशी कोरू नयेत, नुसत्या सुईच्या टोचण्या पुरतात. वाचनीय मजकूर टाकला की बघणारा शिल्प सोडून वाचू लागतो.

शरीराच्या चेष्टेबद्दल इथेच सांगतो. आजारपण, अपंगत्व, जात, धर्म, वर्ण आणि बाई असणे या गोष्टींतून अर्क काढू नये. सभ्यतेचा भाग आहेच, पण त्यात कारागिरीचेही कारण आहे: या गोष्टी त्या नेत्याने निवडलेल्या नसतात, त्यामुळे त्यांतून त्याच्या कृतीबद्दल काहीच सांगता येत नाही. पदर त्यांनी डोक्यावरून घेणे ही सार्वजनिक प्रतिमेसाठी केलेली निवड होती. नाक ही निवड नव्हती, आणि म्हणून मी ते विद्रूप न करता केवळ पुढे जाण्याच्या गतीसाठी वापरले. पुरते निर्दोष राहिलो, असा दावा मी करणार नाही.

हवा आणि वाळवण

कोकणात हे काम कार्तिक ते माघ या महिन्यांत करावे. पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की शाडू पंधरा-पंधरा दिवस ओला राहतो, आणि गणपतीच्या शाळांत त्यासाठी पंखे आणि मोठे दिवे लावावे लागतात. थंडीत सकाळी जमिनीवरून समुद्राकडे जाणारे मतलई वारे कोरडे असतात, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवाव्यात. दुपारी खारे वारे सुरू झाले की बंद कराव्यात. नाकाचे टोक, पदराची कड असे पातळ भाग आधी सुकतात आणि जाड भागापासून तुटतात, म्हणून त्यांच्यावर ओलसर फडके ठेवून जाड भागाला पुढे जाऊ द्यावे. मातीचे शिल्प एकदम उन्हात ठेवणे हा सर्वांत खात्रीचा नाश आहे.

साचा आणि कागद

साच्यासाठी माती ओलसर असतानाच काम करावे. नाकपुड्या, ओठांच्या मधली फट, पदराच्या खोल चुण्या यांत साचा अडकतो, म्हणून त्या मातीनेच बुजवून घ्याव्यात आणि नंतर कागदाच्या प्रतीत पुन्हा कोराव्यात. डोक्याच्या मध्यावरून, दोन्ही खांद्यांपर्यंत, पातळ पत्र्याच्या बोटभर पट्ट्या एकमेकींना लागून रोवाव्यात, म्हणजे साच्याचे पुढचे आणि मागचे असे दोन भाग होतात. वजनाने दहा भाग प्लास्टरला सात भाग पाणी घ्यावे. प्लास्टर पाण्यात भुरभुरावे, उलट करू नये, आणि ते आपोआप भिजल्यावरच हाताने ढवळावे. पहिला थर पातळ असावा आणि त्यात चिमूटभर गेरू टाकावा, म्हणजे पुढे प्रत अडकून साचा तासावा लागला तर मूळ पृष्ठभाग जवळ आल्याचे कळते. त्यावर काथ्याच्या तुकड्यांसह दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचा दुसरा थर द्यावा. प्लास्टर गरम होऊन पुन्हा गार झाले की पट्ट्यांच्या रेषेत लाकडी पाचर घालून भाग सुटे करावेत आणि आतली माती खरवडून पुढच्या कामासाठी ठेवावी. उरलेले प्लास्टर नाल्यात किंवा खाडीत टाकू नये.

सुकलेल्या साच्याला आतून मऊ साबणाचा हात द्यावा, तो शोषला गेला की खोबरेल तेलाचा. आता कागद. वर्तमानपत्र कात्रीने कापू नये, फाडावे, कारण फाटलेली कड एकमेकींत मिसळते आणि कापलेली कड पायरीसारखी उठून दिसते. चिकटवण्यासाठी चिंचोक्याची खळ वापरावी. चिंचोके भाजून साले काढावीत, रात्रभर भिजवून वाटावेत आणि पाण्यात शिजवून गाळावेत. मैद्याची खळ सोपी असते, पण तिला कसर लवकर लागते. खळीत अगदी थोडे मोरचूद घातले तर बुरशी येत नाही. मात्र ते विषारी आहे, तेव्हा हातमोजे घालावेत आणि ते भांडे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.

थर सात ते आठ द्यावेत. मी एक थर साध्या वर्तमानपत्राचा आणि एक थर गुलाबी अर्थविषयक वर्तमानपत्राचा देतो, म्हणजे कुठे थर सुटला ते रंगावरून लगेच दिसते. पहिल्या थराचे तुकडे नखाएवढे असावेत आणि ते नाकाच्या टोकात बोटाने दाबून बसवावेत, कारण तिथे हवा राहिली की टोक पोचट निघते. तीन-चार दिवसांनी दोन्ही भाग साच्यातून काढून, कडा कापून, कागदाच्या पट्ट्यांनी जोडावेत. जोडाची रेषा पदराच्या घडीत लपते, हा पदराचा आणखी एक फायदा.

कागदाच्या लगद्याला कमी समजू नये. इटलीतल्या समुद्रकाठच्या व्हियारेज्जो गावी १८७३ पासून कार्निव्हल भरतो, आणि त्यात राजकारण्यांची घराएवढी डोकी गाड्यांवर फिरतात ती कागदाच्याच लगद्याची असतात. आपल्याकडेही दिवाळीच्या आदल्या रात्री सावंतवाडी-कुडाळकडे जे नरकासुर उभे राहतात, त्यांचे मुखवटे घडवणाऱ्या पोरांना या विद्येतला निम्मा भाग आधीच येतो. त्यांनाच हाताशी घ्यावे.

रंग

खडूची पूड आणि डिंक किंवा फेव्हिकॉल यांचे पातळ अस्तर दोनदा द्यावे, पॉलिश पेपरने घासावे आणि त्यावर ॲक्रिलिक रंग लावावेत. रंग कमी असावेत. चेहरा एकाच मातकट छटेत ठेवून सावल्या किंचित गडद कराव्यात. त्वचेचा रंग अतिशयोक्त करू नये. गणपतीच्या डोळ्यांची आखणी ज्या हाताने होते तो हात इथे आवरावा लागतो, कारण आखीव, चकचकीत डोळे आले की अर्धपुतळा देव्हाऱ्यातला वाटू लागतो. मी डोळे रंगवतच नाही, पापणीखालची सावली तेवढी ठेवतो. पांढरा पट्टा सर्वांत शेवटी, कोरड्या ब्रशने एका फटकाऱ्यात घ्यावा. वरून चकचकीत व्हार्निश न देता मंद झिलईचे द्यावे.

कायदा आणि जागा

राज्यघटनेच्या कलम १९(१)(क) मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे आणि १९(२) मध्ये त्यावरचे वाजवी निर्बंध आहेत. बदनामीची तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, तर धार्मिक भावना दुखावण्याचे कलम २९९ आहे. या क्षेत्रात गोंधळ होतो तो बहुधा नेत्यामुळे होत नाही, राष्ट्रचिन्हांमुळे होतो. असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला सप्टेंबर २०१२ मध्ये मुंबईत देशद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली, ती राष्ट्रचिन्हे वापरलेल्या व्यंगचित्रांवरून. राष्ट्रध्वज आणि राज्यघटना यांचा अवमान १९७१ च्या कायद्याखाली येतो आणि राजमुद्रेच्या वापरावर २००५ चा कायदा आहे. तेव्हा बैठकीवर चार सिंह कोरण्याचा मोह टाळावा, पदराला तिरंगी काठ देऊ नये. निवडणुकीच्या काळात पक्षाच्या व्यासपीठावर शिल्प ठेवायचे असेल तर आचारसंहिता लक्षात घ्यावी. ती पक्षांना आणि उमेदवारांना धोरणांवर व कामगिरीवर टीका करू देते, खासगी आयुष्यावर नाही. पदावर असलेल्या नेत्याचे शिल्प मिरवणुकीत न्यायचे असेल तर तालुक्याच्या वकिलाला एकदा दाखवलेले बरे.

जागेची निवड हा माझ्या मते कायद्याहून नाजूक विषय आहे. गणपतीच्या सजावटीत अर्कशिल्प ठेवू नये. देवासमोर ठेवलेल्या वस्तूकडे लोक भक्तीने पाहतात, आणि त्या नजरेला चेष्टा सहन होत नाही. नरकासुराला नेत्याचे तोंड लावण्याची सूचना मला दरवर्षी कोणीतरी करते, आणि मी ती नाकारतो. जाळण्याच्या वस्तूकडे कोणी बारकाईने पाहत नाही, तिथे फक्त पेटण्याची वाट पाहिली जाते. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात १९ मार्चच्या रात्री व्यंगपुतळे जाळतात, पण लोकांच्या मताने निवडलेला एक पुतळा दरवर्षी वाचवला जातो आणि जपून ठेवतात. ही युक्ती मला फार आवडते. आपला शिमगाही त्याच सुमाराला येतो. शिमग्यात सोंगांना सगळे बोलायची मुभा असते, आणि दशावतारात संकासूर रंगमंचावर येऊन चालू घडामोडींवर मालवणीत टोले लगावतो तेव्हा ज्याला ते लागतात तोही पुढच्या रांगेत हसतो. अर्कशिल्पाला या वातावरणाइतकी चांगली जागा नाही. त्याखालोखाल गावचे वाचनालय.

शिल्प बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवावे आणि भिंतीपासून किमान दोन हात पुढे असावे. भिंतीला चिकटवले तर पाठीमागची सगळी मेहनत वाया जाते. शक्य असल्यास फिरता पाट वापरावा. चिठ्ठीवर नाव, तारखा आणि घटना एवढेच लिहावे, कोऱ्या चौकटीचा अर्थ लिहू नये. मी तो एकदा लिहिला होता, आणि त्या दिवशी कोणीही शिल्पाच्या मागे गेले नाही, सगळ्यांनी चिठ्ठी वाचून समोरूनच निरोप घेतला.

आपल्याकडे नेत्याचा पुतळा हारासाठी असतो. रस्त्यावर उभे राहिलेले, सर्वांना ठाऊक असलेले व्यंगचित्रातले शिल्प मला आठवते ते आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसाचे, पुण्यात सिम्बायोसिसच्या आवारात आणि मुंबईत वरळीच्या समुद्रकिनाऱ्यावर. ज्यांच्याकडे तो माणूस बघत आला, त्यांची शिल्पे अजून कोणाच्या तरी शाळेत ओल्या गोणपाटाखालीच आहेत.

जपणूक

कागदाच्या शिल्पाचे कोकणात तीन वैरी असतात: ओल, कसर आणि वाळवी. पावसाळ्याआधी तळाची बाजू मेणाने बंद करावी, शिल्प जुन्या सुती कापडात गुंडाळून कापराच्या दोन वड्यांसह जमिनीपासून वर, शक्यतो चुलीच्या बाजूच्या माळ्यावर ठेवावे. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नये, आत घाम धरतो. आषाढात एकदा, उघाडीच्या दिवशी, बाहेर काढून पाहावे. आमच्या शिल्पाचे नाक दरवर्षी टोकाशी थोडे सुटते. तिथे खळीत भिजवलेला नखाएवढा तुकडा लावला की काम भागते, आणि हे श्रावण लागण्यापूर्वी उरकावे, कारण त्यानंतर टेबल गणपतीसाठी लागते.